पट कमी झाला म्हणता, मग तो कमी केला कोणी?

वीस. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या जिल्हा परिषद शाळांचे भवितव्य सध्या या एका आकड्यावर टांगले आहे. ज्या शाळेचा पट वीस किंवा त्याहून कमी, ती शाळा म्हणे ‘परवडत नाही’. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये शिक्षण आयुक्तालयाने अशा शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले. तेव्हाचा सरकारी हिशोब असा होता : १४,७८३ शाळा, १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक. त्याआधी २०१७ मध्ये दहापर्यंत पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करण्याची यादी निघालीच होती. म्हणजे हे एखाद्या अधिकाऱ्याच्या डोक्यातले खूळ नाही. सरकारे बदलली तरी फाईल तीच पुढे सरकते आहे.

या आकड्यांचा भागाकार केला तर एका शाळेमागे साधारण बारा-तेरा मुले आणि दोन शिक्षक पडतात. हा भागाकार दाखवून आम्हाला विचारले जाते, ‘बारा पोरांसाठी दोन मास्तर? हा जनतेच्या पैशाचा अपव्यय नाही का?’ आमचा उलट प्रश्न आहे. ही बारा पोरे कोणाची आहेत, हे तुम्ही कधी हजेरीपट उघडून पाहिले आहे का?

आम्ही पाहिले आहे. गावातल्या ऐपतदाराच्या पोराला न्यायला सकाळी पिवळी बस येते आणि ते तालुक्याच्या इंग्रजी माध्यमात जाते. मागे उरतात ती बौद्धवाड्याची, मातंग वस्तीची, पारधी बेड्याची, आदिवासी पाड्याची, ऊसतोड मजुराची आणि सालगड्याची मुले. दिवाळीनंतर कोयता निघाला की यातलीही निम्मी आईबापाबरोबर फडावर जातात. हंगामी वसतिगृह वेळेत सुरू झाले तर राहतात, नाहीतर गेली. पटाचा आकडा दिसायला निव्वळ गणिती आहे, पण त्याच्या पोटात जात आहे. ‘कमी पटाची शाळा बंद’ या चार शब्दांचा गावातला अर्थ ‘वस्तीवरची शाळा बंद’ असाच होतो.

शिक्षण हक्क कायदा काय म्हणतो तेही पाहू. हा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असली तरी दोन शिक्षक द्यावेच लागतात. याचा अर्थ बारा मुलांना दोन शिक्षक ही कोणाची मेहेरबानी नाही, तो कायद्याने ठरवलेला किमान आकडा आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. समूह शाळेचा अर्थ मात्र पाच-सात किलोमीटर जाणे-येणे. गाडी देऊ म्हणतात. गाडी पहिल्या वर्षी येते, दुसऱ्या वर्षी ठेकेदाराचे बिल थकते आणि तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा शाळा सुटते ती मुलीची. मग ती धाकट्या भावंडाला सांभाळते आणि आईबरोबर खुरपायला जाते. तिचे नाव कोणत्याही हिशोबात ‘अपव्यय’ म्हणून लिहिले जात नाही.

आता दुसऱ्या बाजूचा एक मुद्दा प्रामाणिकपणे मान्य करू. ‘झेडपीच्या शाळेत पोरांना वाचता येत नाही’ ही ओरड निव्वळ बदनामी नाही. ग्रामीण भागात पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा उतारा सलग वाचता येत नाही, हे ‘असर’च्या पाहण्या वर्षानुवर्षे सांगत आहेत. आमच्या वस्तीवर बसून पुस्तक पुढे केले तर आम्हालाही तेच दिसते. पाच मुलांच्या शाळेत मूल एकटे पडते, त्याला खेळायला आणि बोलायला सोबती मिळत नाही, हेही खरे. हे झाकून शाळा वाचवण्याची भाषा आम्ही करणार नाही. पण मुले मागे का पडली याचे उत्तर मुलांच्या संख्येत शोधायचे की शाळा चालवण्याच्या पद्धतीत, हा खरा वाद आहे.

शाळा चालते कशी? वर जिल्हा परिषद, तिचा शिक्षणाधिकारी. खाली पंचायत समिती, तिचा गटशिक्षणाधिकारी. मग बीटचा विस्तार अधिकारी, मग दहा-पंधरा शाळांचे केंद्र आणि त्याचा केंद्रप्रमुख, शेवटी शाळा. कागदावर ही उतरंड देखणी आहे. राज्यात केंद्रप्रमुखांची ४,८६० पदे मंजूर आहेत, पण त्यातली कितीतरी वर्षानुवर्षे रिकामी राहिली. जिथे माणूस आहे तिथेही एकाच्या गळ्यात दोन-तीन केंद्रे आणि हातात माहितीचे तक्ते. वर्गात बसून मूल वाचते कसे हे पाहणारा माणूसच या साखळीतून गायब आहे. त्यातच २०२२ मध्ये बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. निवडून आलेले सदस्य नाहीत, म्हणून शिक्षण समिती नाही, म्हणून जाब विचारायला सभागृहच नाही. नेमक्या याच काळात समूह शाळेचा विषय पुढे आला, हे आम्ही विसरू शकत नाही.

शेवटच्या टोकाला दोन शिक्षकी शाळा. चार वर्ग, दोन खोल्या, त्यातली एक गळकी. एक गुरुजी तालुक्याला बैठकीला गेले की उरलेल्या बाईंनी पहिली ते चौथी एकटीने सांभाळायची. त्यातच पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब, ऑनलाईन माहिती, मतदार यादीचे काम आणि आज कुठला दिन साजरा केला त्याचे फोटो ‘लिंकवर’ चढवणे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता शिक्षकाला इतर अशैक्षणिक काम देऊ नये, असे कायद्याचे कलम २७ सांगते. ते कलम आमच्या तालुक्यात अजून पोहोचलेले दिसत नाही. आणि पैसा? पट तीसपर्यंत असेल तर शाळेला वर्षाला मिळणारे संयुक्त अनुदान १०,००० रुपये. यात खडू, झाडू, दुरुस्ती आणि वीजबिलही. एवढ्यात शाळा चालवून दाखवा आणि मग गुणवत्तेवर बोला.

मग हे बदलणे अशक्य आहे का? मुळीच नाही. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. चाळीसच्या आसपास साध्या जिल्हा परिषद शाळा, तेच शिक्षक, तीच गरिबांची मुले. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी तपासणीची वही बाजूला ठेवली आणि शिक्षकांबरोबर वर्गात जमिनीवर बसून काम केले. ज्ञानरचनावाद हा अवघड शब्द तिथे खडे, काड्या, शब्दपट्ट्या आणि फरशीवरच्या आखणीतून मुलांच्या हाताला लागला. राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरभरून तिथे पाहायला गेल्या. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयामागेही याच कामाची प्रेरणा होती. पुढे त्या कार्यक्रमाची गत ‘प्रगत’ शाळांचे आकडे वर पाठवण्याच्या चढाओढीत झाली, तो दोष कुमठ्याचा नाही. कुमठ्याने एवढे सिद्ध केले की बीटवर नीट काम करणारा अधिकारी असेल तर त्याच शाळेत तेच मूल शिकते.

हे साताऱ्यात घडले, याला आमच्या लेखी मोल आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच साताऱ्यातल्या सरकारी शाळेत भीमराव नावाच्या मुलाचे नाव दाखल झाले. बसायला गोणपाट, पाणी कोणी वरून ओतले तरच. ती शाळा अन्यायी होती, पण ती होती. ती ‘परवडत नाही’ म्हणून बंद केली असती तर?

शाळेवर ताबा कोणाचा, हा प्रश्न बाबासाहेबांना फार आधी कळला होता. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की पहिलीत आलेल्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथीपर्यंत पोहोचतात. शिक्षण खाते नफा-तोट्याच्या हिशोबाने चालवायचे नसते, असेही त्यांनी सरकारला बजावले. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात त्यांनी आणखी एक धोका मांडला. प्राथमिक शिक्षण स्थानिक शाळा मंडळांच्या हाती सोपवले जात होते, त्याला त्यांनी विरोध केला. कारण स्थानिक म्हणजे गाव, आणि गाव म्हणजे गावातले वरचढ. त्यांच्या हातात शाळा गेली की अस्पृश्यांच्या मुलांचे शिक्षण मागे पडणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होते.

शंभर वर्षे होत आली. आज शाळा स्थानिक संस्थेच्याच हातात आहे. फरक एकच झाला. कायद्याने आम्हाला तिथे खुर्ची दिली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या सदस्य महिला हव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा हव्यात. शाळेवर देखरेख, अनुदानाच्या खर्चावर लक्ष आणि शाळा विकास आराखडा ही सगळी कामे या समितीची. ज्या शाळेत बहुतांश मुले आमची, त्या समितीत कायद्याने बहुमतही आमचेच असायला हवे.

आणि वास्तव काय? अध्यक्ष गावच्या पुढाऱ्याच्या पॅनलचा. बैठक कागदावर. सदस्य असलेली आमची बाई रोजाने दुसऱ्याच्या रानात, आणि इतिवृत्तावर तिची सही रात्री घरी येऊन घेतलेली. कशावर सही केली असे विचारले तर ती म्हणते, ‘बाई चांगल्या हायेत, त्यांनी सांगितलं म्हणून केली.’ तिच्या सहीने तिच्याच लेकराच्या शाळेचे समायोजन मंजूर झाले तरी तिला कळणार नाही.

इथे आम्हाला आमच्याच माणसांशी भांडायचे आहे. आम्ही नोकरीत गेलो, शहरात घर घेतले, मुले इंग्रजी शाळेत घातली. त्यात गुन्हा नाही. पण आमच्यातले बहुतेक ज्या शाळेत मुळाक्षरे गिरवून वर आले, तिच्याकडे आम्ही परत पाहिले नाही. १४ एप्रिलला गावी जातो, वर्गणी देतो, मिरवणुकीत नाचतो, आणि पुतळ्यापासून शंभर पावलांवर असलेल्या शाळेचे कुलूप पाहून परततो. शिकलेल्यांनी दगा दिला, ही आग्र्याची खंत आम्ही दरवर्षी भाषणात सांगतो. ती आमच्याबद्दल आहे, हे मात्र सोयीने विसरतो. पट कमी करण्यात सरकारचा हात आहेच, पण आमची पाठही आहे.

म्हणून आमच्या मागण्या आणि आमचे काम दोन्ही सांगतो. सरकारने पटाच्या नावाखाली वस्तीवरची एकही शाळा बंद करू नये. केंद्रप्रमुख आणि शिक्षकांची रिक्त पदे कायमस्वरूपी भरावीत. लहान शाळेतल्या मुलांना सोबती हवेत हे खरे, तर आठवड्यातून एक दिवस केंद्रातल्या सगळ्या शाळांची मुले एकत्र आणा. ग्रंथपेटी, खेळाचे साहित्य, विज्ञान आणि इंग्रजीचा शिक्षक केंद्रात फिरवा. शाळा हलवण्यापेक्षा हे स्वस्त आहे आणि यात कोणाची मुलगी घरी बसत नाही.

आणि आम्ही काय करायचे? प्रत्येक भीमनगरातल्या मंडळाने आपल्या शाळेची समिती कोणाची आहे ते विचारावे. गेल्या वर्षीचा शाळा विकास आराखडा आणि अनुदानाचा हिशोब माहिती अधिकारात मागावा. समितीची बैठक संध्याकाळी, मजुरी सुटल्यावर घ्यायला लावावी. बैठकीच्या आदल्या रात्री विहारात आपल्या सदस्य बायांना विषयपत्रिका वाचून दाखवावी, म्हणजे सही करण्याआधी त्या ‘थांबा’ म्हणतील. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. तेव्हा त्यांच्या हातात कायदा नव्हता. आमच्या हातात कायदाही आहे आणि समितीत आमची खुर्चीही. आता त्या खुर्चीवर जाऊन बसायचे आहे.

जय भीम!