दूध कुणाचं, पिल्लू कुणाचं?

सहकारावरील भाषणांत मुंग्या-मधमाश्यांचे दाखले आपण नेहमीच ऐकतो. आज आम्ही आफ्रिकेतील कलहारी वाळवंटातला दाखला देतो. मीरकॅट हा तिथला मुंगसाच्या कुळातला, कळपाने बिळात राहणारा प्राणी. कळपातली बहुतेक पिल्ले एकाच वरचढ मादीची असतात. पण दूध इतर माद्याही पाजतात. 'वा, याला म्हणायचा सहकार!' असे कुणीही म्हणेल.

परंतु १९९३ पासून संशोधक या कळपांवर नजर ठेवून आहेत. त्यांना दिसले ते निराळेच. वरचढ मादी दुसऱ्या गाभण मादीला हाकलून देते, तिची पिल्ले मारूनही टाकते. पिल्ले गमावून परतलेली अशी मादीच पुष्कळदा तिच्या पिल्लांना पाजते. एकटीने राहावे तर गरुड-कोल्ह्यांचे भय. तेव्हा दूध म्हणजे कळपात राहण्याचे भाडेच म्हणा की!

पिल्ले जगतात, हे खरे. तरी आमचे मत असे की, लगेच टाळ्या वाजवू नयेत. दूध देते कोण, पिते कोण आणि देणारीला 'नाही' म्हणता येते का, हे आधी विचारावे. मगच सहकार म्हणावे.

— ऊस विकास अधिकारी