पाकिटावर भाव आहे, माप कुठे आहे?

आम्ही कापडवाले. ताग्याचा पन्हा किती, लांबी किती, माल निव्वळ सुती की मिश्र धाग्याचा, हे कळल्याशिवाय आमचे गिऱ्हाईक भावाची गोष्टही काढत नाही. त्याच नजरेने सायकलच्या सुट्या भागांची पाकिटे पाहिली तर निराशा होते. रंगीत चित्र आणि कंपनीचे नाव ठळक, कामाची माहिती मात्र अपुरी.

कायदा नाही असे नाही. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे उत्पादकाचे नाव-पत्ता, नगांची संख्या, करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. आकार महत्त्वाचा असेल तेथे मापही द्यावे लागते. पण पुष्कळदा माप म्हणजे नुसते '२६ इंच' लिहून मोकळे होतात.

आता २६ इंचाचेच पाहा. २६ × १ ३/८ हा टायर ५९० मिलिमीटरच्या रिमवर बसतो, तर २६ × १.९५ हा ५५९ मिलिमीटरच्या. दोघांत ३१ मिलिमीटरचा फरक! एक चढणारच नाही, दुसरा ढिला राहील. पाकिटावर '३७-५९०' किंवा '५०-५५९' असा आकडा ठळक छापला, म्हणजे आधी टायरची रुंदी आणि मग रिमचे माप, तर घोटाळाच मिटला.

तीच गत इतर भागांची. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते न कळता जोर लावला तर क्रँकचे आटे खराब होतात. साध्या सायकलची चेन रुंद, गिअरवाल्या सायकलची अरुंद. ट्यूबचा व्हॉल्व्ह जुन्या पद्धतीचा की मोटारीसारखा, हेही लिहिलेले हवे.

कारखानदार म्हणतील, एवढ्याशा पाकिटावर किती छापायचे? आमच्या मते पोथी छापायची गरजच नाही. चार गोष्टी पुरेत: मिलिमीटरमध्ये माप, कोणत्या सायकलला चालेल, डावा की उजवा, आणि बसवण्याचे एक लहान चित्र. नियमांनुसार हिंदी किंवा इंग्रजी सक्तीची आहे, पण सोबत दुसरी भाषा छापायला मनाई नाही. महाराष्ट्रात विकायच्या मालावर दोन ओळी मराठीत का नसाव्यात?

यात नुकसान कोणाचे होते? पाळीला सायकलने जाणाऱ्या यंत्रमाग कामगाराचे. चुकीचा भाग एकदा बसवून काळा झाला की दुकानदार परत घेत नाही. मालाचे पैसे जातात, आणि वेळेवर पोहोचला नाही तर रोजही जातो.

म्हणून दुकानदार बंधूंना आमची विनंती आहे की, लुधियानाहून किंवा कोठूनही माल मागवताना भावाबरोबर मापाचीही मागणी करा. घाऊक गिऱ्हाईकाने आग्रह धरला तर कारखानदार ऐकतो, हा कापड बाजाराचा अनुभव आहे. भाव सांगून माप लपवणे याला व्यापार म्हणत नाहीत.