उजेड पाडा, चुना फासू नका

मोबाईलमधल्या ‘ब्यूटी’ नावाच्या बटणाशी माझं भांडण आहे. फोटोशी नाही. फोटो काढा, दाबून काढा. आईचा काढा, आजीचा काढा, नळावर काढा, बारशाला काढा आन मयताला जमलेल्या पावण्यांचापण काढा. ज्यांच्या कैक पिढ्या कागदावर एक रेघ न उमटवता मातीत गेल्या, त्यांनी फोटो काढलेच पाहिजेत. सवाल एवढाच आहे दोस्तांनो, की काढलेल्या फोटोत आपण उरतो का?

कॅमेरा काही आपली हौस भागवायला आला नव्हता. इंग्रज सरकारनं १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड छापले. त्यात माणसं जातीजमातींचे नमुने म्हणून मांडली, बरणीत किडे ठेवतात तशी. म्हणजे कॅमेरा गरिबाच्या तोंडापुढं आला तो हजेरी घ्यायला. दक्षिण आफ्रिकेत तर काळ्या माणसाच्या खिशातल्या पासबुकावरचे फोटो पोलरॉइडच्या यंत्रांनी निघायचे. १९७० साली अमेरिकेत त्याच कंपनीतल्या दोघा काळ्या कामगारांनी, कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स यांनी, याविरुद्ध बंड केलं. हंटरबाईंची नोकरी गेली. पण १९७७ मध्ये कंपनीला तिथला धंदा गुंडाळावा लागला. फोटो हे राजकारण आहे, हे कामगारांनी ओळखलं होतं, पंडितांनी नव्हे.

रंगीत फिल्मची गोष्ट वेगळी नाही. कोडॅकचे प्रिंट जुळवायला लॅबमध्ये एका गोऱ्या बाईचं कार्ड असायचं. त्याचं नाव ‘शर्ली कार्ड’. तिची कातडी नीट दिसली, की रंग नीट. काळ्या माणसाचे दात आणि डोळे तेवढे उमटले तरी चालायचं. कंपनीनं तपकिरी रंगाकडं लक्ष दिलं ते चॉकलेटवाल्यांनी आणि फर्निचरवाल्यांनी बोंब मारल्यावर. माणसाआधी लाकडाचं ऐकलं! आता फिल्म गेली, कार्ड गेलं, तरी शर्लीबाई गेली नाही. २०१७ मध्ये ‘फेसॲप’नं माणसाला देखणं करणारा फिल्टर काढला, तर तो चक्क कातडी उजळ करू लागला. ओरड झाल्यावर कंपनीनं माफी मागितली. यंत्राला शिकवायला दिलेल्या चेहऱ्यांमुळं असं झालं म्हणे. यंत्राला जात नसते म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

मी गोदीत माल चढवतो-उतरवतो. माझी मान करपलीय ती उन्हानं आणि खाऱ्या वाऱ्यानं. ती माझी हजेरी आहे. बहिणीच्या लग्नाचा अल्बम आला, तर फोटोवाल्यानं घरातल्या समद्यांना एकाच डब्यातला पांढरा हात मारलेला. आईच्या कपाळावरचं गोंदण गायब. गालावरची भाजल्याची खूण गायब. आई स्वतःवर बोट ठेवून इचारते, ‘ही कोन रं?’ फोटोवाल्याला जाब विचारला तर म्हणतो, ‘त्याचे एक्स्ट्रा पैसे लावले नाहीत.’ म्हणजे वर उपकार!

तुम्ही म्हणाल, जरा उजळ दिसलं तर काय बिघडलं? पोरीचं स्थळ जमतं. जमतं ना, फोटोतल्या पोरीचं जमतं. घरात नांदायला जाते ती दुसरीच. मग जन्मभर टोमणा ऐकायचा कुणी? बटणानं?

याचा अर्थ एडिट करूच नये असा नाही. कॅमेऱ्याचं गणित समजून घ्या. त्याला आख्ख्या चौकटीचा उजेड मधल्या करड्या रंगाच्या आसपास आणायचा असतो. मागं पांढरी भिंत किंवा उघडं आभाळ असलं की त्याला वाटतं, उजेड फार झाला. मग तो सगळंच खाली ओढतो आणि सावळा चेहरा काळोखात जातो. हा चेहऱ्याचा दोष नव्हे. माणसाला दाराशी उभं करा, उजेड बाजूनं तोंडावर येऊ द्या. पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेका. बहुतेक फोनांत सूर्याचं चिन्ह येतं, ते वर सरकवा. नंतर एडिटमध्ये ‘शॅडोज’ थोडं वाढवा. दडलेले डोळे, सुरकुत्या, गोंदण बाहेर येतं. फोटो तिरका असेल तर सरळ करा. बस्स. उजेड वाढवला की होतं ते दिसतं. कातडी गोरी केली की होतं ते पुसलं जातं. सगळा फरक एवढाच आहे, आणि तो लई मोठा आहे.

कापण्याचंही तसंच. मागचा पत्रा, दोरीवरचे कपडे, पाण्याचं पिंप लाजेपोटी कापू नका. उद्या वस्तीवर बुलडोझर फिरला, तर आपण इथं राहत होतो हे तो पत्राच सांगणार आहे.

आणि नावं लिहा. फेब्रुवारी १९३४ मधला राजगृहातला बाबासाहेबांच्या घरच्यांचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय. यशवंतराव, रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव. टॉबी कुत्र्याचंसुद्धा नाव आपल्याला ठाऊक आहे. २७ मे १९३५ ला रमाई गेल्या. घरच्यांसोबत बसलेल्या रमाई त्या फोटोत राहिल्या. आपल्या घरातल्या फोटोत कोण कोण आहे, हे वीस वर्षांनी कोण सांगणार? प्रिंटच्या मागं पेन्सिलीनं नाव, गाव, साल लिहा. मूळ फोटो पुसू नका. एडिट केलेला वेगळा ठेवा. व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखा पाठवला की तो दाबून बारीक होतो, म्हणून डॉक्युमेंट करून पाठवा. जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोत ॲप रंग भरतं, तो निव्वळ अंदाज असतो. आजीच्या लुगड्याचा रंग ॲपला ठाऊक नाही, मावशीला ठाऊक आहे. ती आहे तोवर तिला विचारून घ्या.

आपल्या माणसांनी ऊन खाल्लंय, धूर खाल्लाय, मार खाल्लाय. ते सगळं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं आहे. दुसरी बखर आपल्याकडं नाही. तिच्यावर चुना फासणारं ते बटण आजच बंद करा. आपल्या फोनातलं झालं की आईच्या फोनातलंही करा.