ज्वारीच्या मुलखात पोरांच्या ताटात भात



शेतमालाला भाव नाही म्हणून घर कंगाल, आणि घर कंगाल म्हणून पोर अर्धपोटी. सरकारने १५ ऑगस्ट १९९५ ला शाळेतल्या पोरांसाठी आहार योजना काढली. बहुतेक राज्यांनी पोरामागे महिन्याला ३ किलो धान्य वाटून हात झटकले. २८ नोव्हेंबर २००१ ला सुप्रीम कोर्टाने बजावले, की वर्षात किमान २०० दिवस शाळेत शिजवलेले अन्न द्या. मजुराचे, मालकाचे, साऱ्या जातींचे पोर एका पंगतीत बसवणारी ही योजना टिकलीच पाहिजे. ती मेहेरबानी नाही, पोरांचा हक्क आहे.

पण ताटात असतो मुख्यतः तांदूळ. ज्वारी पिकवणाऱ्याच्या पोराला बाहेरून आणलेला भात!

हिशेब करा. प्राथमिक शाळेत पोरामागे रोज १०० ग्रॅम धान्य. ६० पोरांच्या शाळेला २०० दिवसांत १२ क्विंटल लागते. त्यातली निम्मी ज्वारी गावातून हमीभावाने घेतली, तर सरकारचे काय बिघडते? पोराला भाकरी मिळेल, बापाला गिऱ्हाईक.

जिल्हा बैठकीला येताना हा ठराव गावसभेत करूनच या.