फोटो २० केबीच्या खाली नको, ५० केबीच्या वर नको

भरतीचे फॉर्म सुटले की आमच्या भागातल्या नेटकॅफेत सगळ्यात जास्त काम कशाचं असतं माहितीये? फॉर्म भरायचं नाही. फोटो लहान करायचं.

बँक भरतीच्या आयबीपीएसचंच घ्या. फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० बाय ६०, १० ते २० केबी. शिवाय डाव्या अंगठ्याचा ठसा आणि हाताने लिहिलेलं घोषणापत्र, तेही इंग्रजीतच. मोबाइलवर काढलेला फोटो असतो ३-४ एमबीचा. म्हणजे पोराने तो साठ-सत्तर पट लहान करून द्यायचा. क्लार्क व्हायला निघालेल्याची ही कुठली परीक्षा?

माझं म्हणणं सरळ आहे. हे काम संगणकाचं आहे, उमेदवाराचं नाही. आपण फेसबुकवर केवढाही फोटो टाकतो, तो तिथे आपोआप लहान होतो. भरतीच्या साइटला तेवढं करायला काय होतं? जागा लागते म्हणावं तर लहान करून ठेवलेले १० लाख फोटो ५० जीबीत बसतात. ६४ जीबीचं मेमरी कार्ड पुरेल! खेड्यात रेंज नसते म्हणाल, तर पाठवण्याआधी ब्राउझरमध्येच फोटो लहान करता येतो. फक्त साइट बनवणाऱ्याने ती सोय द्यायला हवी.

कॅफेवाल्याला दिलेल्या पैशांचं सोडा हो. शेवटच्या तारखेला रात्री "फोटो कमी करा" असं शोधून जी साइट आधी दिसेल तिच्यावर पोरं सही टाकतात, अंगठा टाकतात, जातीचा दाखला आणि आधारसुद्धा. ती साइट कुणाची, फाइल पुढे कुठे जाते, कुणी बघत नाही. कॅफेत तर एकाच डेस्कटॉपवर शंभर जणांच्या सह्या आणि ठसे नावानिशी पडलेले असतात. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण पोरांना या दारात उभं करतोय तो फॉर्मच.

नियम बदलेपर्यंत एवढं करा. मोबाइलच्या गॅलरीतच आधी फोटो क्रॉप करा, मग पिक्सेल कमी करा आणि क्वालिटी सगळ्यात शेवटी. उलट केलंत तर चेहऱ्याचे चौकोन होतात. मापाचं प्रमाण सोडलंत तर तोंड ताणलेलं दिसतं. कॅफेत पाठवायचा असेल तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो वाटेतच एकदा दाबला जातो. सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने करा, उजेडात.

आणि उठताना कॅफेवाल्यादादांना सांगून डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि रिसायकल बिन, तिन्हीकडून आपल्या फाइल काढायला लावा. ते वैतागतील. वैतागू द्या.