रस्ता वर, घर खाली

बोरी अरबच्या आमच्या जुन्या घरात आजोबांनी ज्वारीच्या पोत्यांसाठी दगडी तळघर बांधलं होतं. त्याच्या रस्त्याकडच्या भिंतीला यंदा चांगलंच पोट सुटलंय.

बातमी ओट्यावर गेली आणि सल्लागार जमले. एकजण म्हणाले, "सिमेंटचा गिलावा मारा, दगडावानी होते." दगडाच्या भिंतीला दगडावानी करायचा हा उपाय मला फार आवडला. दुसऱ्यांनी वास्तुशांती सुचवली. मिस्त्री तर निश्चिंतच होता. "टाइल्स ठोकून देतो भाऊ, पोट दिसनारच नाई!" जावईबापूंनी मोबाइलवर अमेरिकेतली तळघरं दाखवली. तिथं म्हणे पोलादी खांब लावतात, कार्बन फायबरच्या पट्ट्या चिकटवतात. आमची भिंत मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांची. पट्टी चिकटणार कशाला?

शेवटी यवतमाळहून एक इंजिनिअर आले. त्यांनी आधी बाहेरची माती बोटांत चोळून पाहिली. कपाशीची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, भिंतीपासून सुटते आणि त्या फटीत केरकचरा भरतो. पावसात ती फुगते, पण फट बुजलेली, म्हणून भिंतीला रेटते. दरवर्षी थोडं थोडं. उपाय असा: आधी आतून धिरे द्यायचे. पाऊस सरला की बाहेरची काळी माती काढून मुरूम-गिट्टी भरायची, तळाशी पाण्याला वाट ठेवायची. मग फुगलेला भाग उतरवून, भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधणारे आरपार दगड घालून पुन्हा रचायचा.

"पण एवढं पाणी मुरतं कुठून?" त्यांनी विचारलं. मी रस्त्याकडे बोट दाखवलं.

माझ्या लहानपणी रस्त्यावरून ओट्यावर चढायला पायऱ्या होत्या. आता रस्त्यावरून घरात उतरावं लागतं. डांबरावर खडी, खडीवर काँक्रीट, काँक्रीटवर पुन्हा काँक्रीट. प्रत्येक थराला नारळ, प्रत्येक थराला फलक, प्रत्येक थराला फोटो. जुना थर खरवडून काढायचं कुणाला सुचत नाही, कारण खरवडायच्या कामाला नारळ फुटत नाही. अडाण नदीचा पूर आला तर निदान निसर्गाला बोल लावता येतो. हे पाणी मात्र अंदाजपत्रक मंजूर होऊन, मोजमाप होऊन, बिल निघून आमच्या तळघरात येतं! आणि तक्रार केली की उत्तर ठरलेलं: "तुमचंच घर खोलात हाय, भाऊ."

घर तिथंच आहे. आजोबांनी जोतं रस्ता पाहूनच उचललं होतं.

भिंतीचं काम दिवाळीनंतर काढतोय. तुमच्या गल्लीत पुढचा नारळ फुटेल तेव्हा पेढा जरूर घ्या, पण त्याआधी दोन गोष्टी लेखी मागा: जुना थर खोदून काढा, आणि नाली घराच्या जोत्यापेक्षा खालच्या पातळीवर ठेवा.