ठराव झाला, लाजेचे काय?



मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही. त्याच महिन्यात राज्य शासनानेही इतर ग्रामपंचायतींना हाच मार्ग धरण्यास सांगितले. मोलाचे काम झाले. पण आजही हळदीकुंकवाचे आमंत्रण असलेली बाई दारातूनच मागे फिरते. कुणी नको म्हटलेले नसते. ‘पांढऱ्या पायाची’ हे शब्द आता सासूच्या नव्हे, तिच्याच मनातून येत असतात.

ही लाज केवळ मनातच राहत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत मुलांइतका वाटा दिला आहे. पण ‘मला कसला आलाय हक्क’ असे मानणारी बाई दिराने पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर मुकाट्याने अंगठा उठवते.

क्रिस्टिन नेफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ मध्ये स्वतःविषयीच्या करुणेची मांडणी केली. स्वतःशी मायेने वागणे, हे दुःख आपल्या एकटीचे नाही हे ओळखणे आणि मनात उठते ते न दडपता, त्यात वाहून न जाता पाहणे, म्हणजे सजगता. यातले दुसरे आपल्याला नवे नाही. गोलात बसून आपण वर्षानुवर्षे तेच करत आलो. पहिले मात्र जड जाते. दुसरीसाठी मध्यरात्री पोलीस ठाणे गाठणारी कार्यकर्ती स्वतःला किती टाकून बोलते!

बैठकीत एवढेच विचारून पाहा: हे तुझ्या बहिणीच्या वाट्याला आले असते तर तिला काय म्हणाली असतीस? उत्तर चटकन येते. मग तेच स्वतःला मोठ्याने म्हणायचे. इथे घसा दाटतो. घाई करू नये. पाय जमिनीला टेकले आहेत, श्वास येतो-जातो आहे, इकडे थोडे लक्ष द्यावे. डोळे मिटताच कुणाला जुना प्रसंग दिसू लागला, तर डोळे उघडेच ठेवावेत. आणि कुंकू नको म्हणणारीला मागासलेली ठरवून नवी लाज देऊ नये.

श्वास मोजून सातबाऱ्यावर नाव चढत नाही, हे खरेच. वारसनोंदीचा अर्ज करावाच लागतो, आणि त्यासाठी गटातल्या दोघींनी तिच्यासोबत जावे. पण त्याआधी, दीर कागद घेऊन आला की ‘वाचून घेते, आठ दिवसांनी या’ एवढे तिच्या तोंडून निघायला हवे.